ऐनवेळचा घाणा

ज्या मुलखात गिऱ्हाईक पंचांग पाहून येत नाही, आभाळ पाहून येते, त्या मुलखात खाद्यपदार्थांचा धंदा करणाऱ्याने आपला माल किती वेळात तयार होतो हा प्रश्न तो किती रुचकर होतो या प्रश्नाच्या आधी सोडविला पाहिजे, असे माझे अनुभवान्ती मत झाले आहे. मुळशी तालुक्यात पौडाच्या पुढे धरणाच्या कडेकडेने ताम्हिणी घाटाकडे जाणारा जो रस्ता आहे, त्यावर वैशाखातल्या दुपारी क्वचितच कोणी चहापाण्याला थांबते. परंतु मृग बरसला, डोंगरांच्या अंगावरून धबधबे उतरू लागले आणि त्यांची छायाचित्रे शहरातील लोकांच्या मोबाइलवर झळकली, की शनिवारी-रविवारी पुण्याहून आणि पिंपरी-चिंचवडहून निघालेल्या मोटारींची जी रांग लागते, तिच्या लांबीचा अंदाज आदल्या दिवशी बांधणे वेधशाळेलाही कठीण. पाऊस अतिवृष्टीच्या पल्ल्याला पोचला की जिल्हाधिकाऱ्यांचा बंदीहुकूम निघून रस्ता ओस पडतो, आणि पावसाने मुळीच दडी मारली तरीही तो ओसच पडतो. या दोन टोकांच्या मधला जो रिमझिम पाऊस, तोच काय तो आमचा अन्नदाता.

मी स्वतः महसूल खात्यात कारकुनीने सुरुवात करून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झालेला मनुष्य. सातबाराचे उतारे, फेरफाराच्या नोंदी, पिकांची आणेवारी आणि अतिवृष्टीचे पंचनामे यांतच हयात गेल्यामुळे पाकशास्त्राशी माझा जो काही संबंध आला तो ताट पुढे आल्यानंतरचा. सूनबाईने घराच्या पडवीत चहाचे आणि खाण्याचे छोटेसे दुकान मांडण्याचा मनसुबा जाहीर केला, तेव्हा जमाखर्चाची वही तेवढी माझ्याकडे येईल अशी माझी अटकळ होती. प्रत्यक्षात वहीमागून तराजू आला, तराजूमागून मापे आली आणि कालांतराने कढईही आली. पीठ चाळून तोलून ठेवणे, तेलाची उष्णता राखणे आणि घाणा उतरविणे अशी तीन खाती सध्या माझ्याकडे आहेत. हे खातेवाटप मला न विचारता झाले. पण बदलीचा हुकूम हाती पडल्यावर कारण विचारावयाचे नसते ही शिस्त ज्याच्या अंगी मुरली आहे, त्याला त्याचे वैषम्य वाटत नाही.

भजी आणि भाजलेली कणसे या रस्त्यावर पावलोपावली मिळतात, आणि त्या व्यवहारात नव्याने शिरणे म्हणजे शेजाऱ्याच्या पोटावर पाय देणे होते. शहरातून येणाऱ्या मुलांना डोनट हवा असतो, हे सूनबाईचे निरीक्षण. तिने लग्नाआधी केक-बिस्किटांचा शिकवणीवर्ग केलेला असल्यामुळे या पदार्थाची दोन घराणी असतात हेही तिला ठाऊक होते. पहिले घराणे यीस्टने फुगविलेल्या पिठाचे: त्याचा पोत पावासारखा, अंग हलके आणि स्वभाव मोठा मानी. ते पीठ मळून उबदार जागी तासभर ठेवावे लागते, मग आकार देऊन पुन्हा अर्धा-पाऊण तास; आषाढातल्या गारठ्यात तर ते आणखी रेंगाळते, आणि एकदा का पुरेसे फुगले की मग मात्र ते कोणासाठी थांबत नाही, वेळेत तळले गेले नाही तर आंबटून खाली बसते. असले पीठ चालवायचे तर गिऱ्हाईक ठरल्या वेळी दारात हजर पाहिजे. दुसरे घराणे केकच्या पिठाचे. त्यात यीस्टच्या जागी बेकिंग पावडर. पोत भरीव आणि खुसखुशीत, कड किंचित फुटलेली, आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे कोरडे जिन्नस तोलून, एकत्र चाळून डब्यात भरून ठेवले, की ते दिवसचे दिवस मुकाट्याने बसून राहतात. ताक घातल्यापासून पहिला घाणा उतरेपर्यंत अर्धा तास पुरतो.

या अर्ध्या तासाचे मोल केवढे, हे मला पहिल्याच श्रावणात उमगले. आमचा एक भाचा पिरंगुटास राहतो. त्याच्या घरासमोर वाहने खोळंबू लागली की तो सूनबाईला फोन लावतो आणि एवढेच बोलतो, “वहिनी, गाड्या सुटल्या बघा.” पिरंगुटापासून आमच्या पडवीपर्यंत रविवारच्या गर्दीत मोटारीला साधारण अर्धा तास लागतो. सूनबाई आतून हाक मारते, “मामा, शेगडी पेटवा,” आणि पहिल्या मोटारीतून उतरणारे कुटुंब छत्र्या झटकीत पडवीच्या पायऱ्या चढते, तेव्हा पहिला घाणा झाऱ्यावर निथळत असतो. वर्दी आली नाही तर डबा उघडत नाही. नासाडी नाही, शिळा माल नाही, आणि संध्याकाळी उरलेल्या मालाकडे पाहून घरातल्या माणसांनी एकमेकांची तोंडे चुकविण्याचा प्रसंग नाही.

आमच्या कुटुंबाला, म्हणजे सूनबाईच्या आत्याबाईंना, हा पदार्थ घरात येणे सहजासहजी मानवले नाही. त्यांचा आक्षेप मांसाहाराचा किंवा परदेशीपणाचा नव्हता. अंड्याऐवजी ताक घालावयाचे हे आधीच ठरले होते. त्यांचा आक्षेप तत्त्वाचा होता. लाल भोपळा किसून, गुळात शिजवून, त्यात मावेल तेवढेच पीठ घालून थापलेला घारगा कोणत्याही चूर्णावाचून फुगतो, मग हा का फुगू नये, असा त्यांचा सवाल. घारगा पुरीच्या न्यायाने फुगतो, आतल्या पाण्याची वाफ होऊन दोन पदर सुटतात आणि मध्ये पोकळी राहते, डोनटाला मात्र अंगभर बारीक जाळी हवी, हे मी त्यांना समजावून पाहिले. त्यांनी ऐकून घेतले. “जाळी हवी तर अनारसे करा की,” त्या म्हणाल्या. आणि जाळीच्या बाबतीत अनारशाची बरोबरी करील असा पदार्थ जगात दुसरा दाखविणे मला शक्य नसल्यामुळे तो खटला तेथेच तहकूब राहिला.

खरी अडचण पुढे आली ती मळण्याच्या बाबतीत. पोळ्यांची कणीक तिंबण्यात ज्या हातांनी आयुष्य घालविले, त्या हातांना पीठ नुसते गोळा करून सोडून द्यावयाचे असते ही गोष्ट पटणे दुर्घट. गव्हाच्या पिठातील जे चिकट द्रव्य पोळीला लवचिकपणा देते, तेच डोनटाला चिवट करते, आणि पीठ जितके तिंबावे तितके ते द्रव्य बळावते. म्हणून ताक घालताच हाताच्या बोटांनी सारे हलके एकत्र करावे, कोरडे पीठ दिसेनासे झाले की थांबावे, आणि उंडा झाकून पंधरा मिनिटे ठेवावा; त्या अवकाशात पीठ आपण होऊन ओलावा शोषते आणि लाटण्याजोगे होते. कुटुंबाने परातीपासून लांब बसण्याचे कबूल केले, परंतु ती पंधरा मिनिटे उंड्याकडे त्यांची जी दृष्टी लागलेली असते, तीत एखाद्या मुलाला न न्हाऊ घालता शाळेत पाठविल्याची हळहळ असते.

बेकिंग पावडरने पीठ फुगविण्याची युक्ती तशी अलीकडचीच. इंग्लंडात बर्मिंगहॅम येथील आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्रेत्याने, आपल्या पत्नीला यीस्ट सोसत नाही म्हणून, १८४३ साली सोडा आणि आम्लद्रव्य यांचे कोरडे मिश्रण तयार केले. ओल लागताच दोहोंचा संयोग होऊन वायू सुटावा आणि पीठ फुगावे, एवढेच त्यामागील रसायन. डोनटाच्या मधल्या छिद्राचे श्रेय अमेरिकेतील मेन राज्याचा हॅन्सन ग्रेगरी नावाचा खलाशी घेत असे. १८४७ च्या सुमारास, जहाजावर असताना, मध्यभागी कच्च्या राहणाऱ्या पिठाला कंटाळून आपण तो भागच काढून टाकला, अशी हकीकत त्याने उतारवयात सांगितली. तिची शहानिशा करण्याच्या भरीस मी पडणार नाही. भाजणीची कडबोळी वळणाऱ्या आमच्याकडील बायांना तळणाच्या पदार्थाला मध्ये मोकळी जागा ठेवावी हे शहाणपण कोणा खलाशाकडून शिकावे लागले नव्हते, एवढे मात्र नमूद करतो.

या पदार्थाच्या इतिहासातला जो प्रसंग मला आपला वाटतो तो वेगळाच आहे. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, फ्रान्समध्ये उतरलेल्या अमेरिकन फौजेच्या एका छावणीत साल्व्हेशन आर्मी या संस्थेच्या दोन स्वयंसेविका, हेलन पर्व्हायन्स आणि मार्गारेट शेल्डन, शिपायांसाठी काहीतरी गोडधोड करावे या विवंचनेत होत्या. पावसाने झड लावलेली, सभोवार चिखल, आणि कोठीत पीठ, साखर, चरबी, बेकिंग पावडर व डब्यातले दूध एवढाच शिधा. त्यांनी द्राक्षासवाच्या बाटलीने पीठ लाटले, लहानशा तव्यात चरबी तापविली आणि एकावेळी मोजके डोनट तळीत दिवसाच्या अखेरीस दीडशेच्या घरात नेले. पुढे त्या छावणीतून या पदार्थाची कीर्ती अमेरिकाभर पसरली. भट्टी नाही, उबदार खोली नाही, माणसे किती येणार याचा ठावठिकाणा नाही आणि वर पाऊस. अशा वेळी यीस्टच्या पिठाची आळवणी कोण करीत बसणार? त्या दोघींनी जो पदार्थ निवडला तो नाइलाजाने निवडला असे म्हणतात. मला तर तो त्या परिस्थितीने आपणहून पुढे केलेला दिसतो, आणि आमच्या पडवीतही त्याची नेमणूक त्याच निकषावर झाली आहे.

आता प्रमाणाविषयी. आमचा डबा ज्या हिशेबाने भरतो तो असा: दोनशे ग्रॅम मैद्याला पन्नास ग्रॅम तांदळाची पिठी, नव्वद ग्रॅम दळलेली साखर, दोन सपाट चमचे बेकिंग पावडर, पाव चमचा खाण्याचा सोडा, अर्धा चमचा मीठ आणि किसलेले जायफळ. चमचा चहाचा. हे सारे दोनदा चाळले जाते. ऐनवेळी त्यात तीस ग्रॅम कोमट तूप मोहन म्हणून चोळावयाचे आणि फेटलेले दाटसर ताक लागेल तसे घालावयाचे. साधारण सव्वाशे मिलिलिटर लागते, पण पावसाळी हवेत पिठाने आधीच ओल धरलेली असल्यामुळे ते थोडे हात राखून घालणे श्रेयस्कर. सोडा ताकाची आंबटाई मिळताच कामाला लागतो, बेकिंग पावडर मात्र निम्मे बळ कढईसाठी राखून ठेवते.

तांदळाच्या पिठीची भर ही आमची स्वतःची. मुळशी, मावळ आणि भोर हा आंबेमोहराचा पट्टा, आणि आंबेमोहर हा तांदूळ असा नाजूक की गिरणीत त्याची कणी फार पडते. अख्ख्या दाण्याला पुण्याच्या पेठांत मान असतो, कणी घरात राहते. तिची पेज होते, खिचडी होते, आणि आता आमच्याकडे पिठी होते. तांदळात ते चिवट द्रव्य नसल्यामुळे पोत हलका राहतो, कवच कुरकुरीत येते आणि तेलही कमी शोषले जाते. आंब्याच्या मोहरासारखा जो सुगंध त्याच्या नावातच आहे, तो मात्र तळणात टिकत नाही. तसा दावा आम्ही फलकावर केलेला नाही. सूनबाईने तो करावा म्हटले होते, मी नामंजूर केले.

या खोऱ्यात आंबेमोहराचे नाव निघाले की धरणाचे नाव निघतेच. टाटांच्या वीजयोजनेसाठी मुळशी पेट्यातील भातखाचरे पाण्याखाली जाणार हे निश्चित झाले तेव्हा मावळ्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रहास आरंभ केला. सेनापती बापटांचे नाव त्या लढ्याने महाराष्ट्राच्या घरोघरी पोचले. धरण व्हावयाचे ते झाले, आणि पाणलोटाच्या काठाने जी माणसे वर सरकली त्यांच्या वाट्याला डोंगरउताराची जमीन आली. कचेरीच्या दफ्तरात जमिनीची प्रतवारी लिहिताना भातखाचर निराळे आणि वरकस निराळे असे दोन रकाने मी वर्षानुवर्षे भरीत आलो. वरकस म्हणजे जेथे नाचणी, वरई आणि कारळे यांखेरीज फारसे काही येत नाही अशी उताराची भूमी. आकारणी थोडी, मानही थोडा. या वरकसाकडे मला पुढे वरच्या सजावटीसाठी वळावे लागले, ते यथाक्रम सांगतो.

त्याआधी कढई. माझ्या मते या सगळ्या उद्योगात शिकण्यासारखे जे आहे ते येथे आहे. बाकीचे कागद वाचून कोणालाही करता येईल. उंडा अर्ध्या इंचाहून किंचित कमी जाडीला लाटावा, स्टीलच्या पेल्याच्या कडेने गोल कापावा आणि बाटलीच्या लहान झाकणाने मधला भाग काढावा. पेला दाबताना पिळू नये, सरळ दाबून सरळ उचलावा, नाहीतर कड चेपली जाते आणि डोनट एका बाजूने फुगतो. तेल १८० अंश सेल्सिअसच्या जवळपास हवे. सूनबाईने उष्णतामापक आणला आहे, आणि तो उपयुक्त आहे हे मी अमान्य करीत नाही. तथापि मधल्या छिद्रातून निघालेली एक गोळी तेलात सोडून पाहणे ही माझी पद्धत. गोळी तळाशी जाऊन क्षणभर रेंगाळली आणि मग भोवती बारीक बुडबुडे घेत वर आली तर तेल तयार. तळालाच बसून राहिली तर थंड. टाकताच वर उसळून तांबूस झाली तर शेगडी मंद करून थोडे थांबावे.

थंड तेलाचा डोनट तेल पितो, हे सर्वश्रुत आहे. त्याचे कारण असे, की पिठातील पाण्याची जोरदार वाफ बाहेर पडत असते तोवर ती तेलाला आत शिरू देत नाही, आणि तेल पुरेसे तापलेले नसले की ही वाफेची फळीच उभी राहत नाही. फार तापलेल्या तेलात उलट प्रकार: बाहेरून बदामी रंग अर्ध्या मिनिटात येतो आणि आत पीठ कच्चे. या दोहोंमधली जी अरुंद वाट आहे ती राखणे म्हणजे तळणे. त्यातही प्रत्येक घाणा सोडताच तेल थंडावते. म्हणून बिडाची जाड कढई घ्यावी, तिच्या अंगात ऊब साठलेली असते, आणि लोभाने कढई भरू नये. चार डोनट मावतात तेथे तीन सोडावे. चौथ्याची घाई असलेले गिऱ्हाईक समोर उभे असताना ही शिस्त पाळणे कठीण जाते, हे खरे. परंतु तलाठ्याच्या सहीसाठी ताटकळलेल्या खातेदारांच्या रांगेसमोर मी निम्मे आयुष्य बसलो असल्यामुळे रांगेचे दडपण माझ्यावर चालत नाही.

तेलात पडलेला डोनट प्रथम बुडतो, काही क्षणांत तरंगतो, आणि एक बाजू तळून होत असताना वरच्या बाजूला काठाशी बारीक भेग पडते. आतला वायू आणि वाफ वाट शोधीत असतात, त्यामुळे ही भेग पडणारच, आणि पडावीच. पुढे याच भेगेत सजावटीचा रस धरून राहतो. साधारण मिनिट-सव्वा मिनिटाने झाऱ्याच्या टोकाने उलटवावा, दुसऱ्या बाजूला थोडा कमी वेळ द्यावा, आणि उतरवून जाळीवर ठेवावा. कागदावर ठेवला तर खालची बाजू स्वतःच्याच वाफेने मऊ पडते. छिद्रातून निघालेल्या गोळ्या अखेरच्या घाण्यात तळून साखरेत घोळविल्या की त्यांची वासलात घरातच लागते. त्या विक्रीला ठेवण्याची सूचना नातवाने हाणून पाडली.

आता सजावट. शहरातील दुकानांत डोनटावर साखरेचे जे चकचकीत लिंपण असते, ते मुळशीच्या आषाढ-श्रावणात तग धरीत नाही. साखर हवेतील ओल ओढून घेते, आणि ताम्हिणीच्या बाजूला हवेत ओलीखेरीज दुसरे काही असते की नाही असा संशय यावा असे ते दिवस. पाऊण तासात लिंपणाला घाम फुटतो, ते ओघळते आणि बशीत थारोळे होते. ओलीशी झुंजत बसण्यापेक्षा जे मुळातच ओले, दाट आणि चिकट आहे तेच वर घालावे, आणि कोरडे, कुरकुरीत असे जे काही हवे ते घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून गिऱ्हाइकाच्या समोर भुरभुरावे, हा तोडगा सूनबाईचा, आणि तो मला अजूनही तिच्या बुद्धिमत्तेचा उत्तम पुरावा वाटतो.

ओला भाग गुळाचा. गुळात दूध किंवा साय घालून आटवायला जावे तर गुळातल्या आम्लाने दूध नासण्याचे भय. घाट उतरला की कोकण. तेथे शिरवाळ्यांबरोबर नारळाचे दूध आणि गूळ यांचा रस खाण्याची वहिवाट आहे आणि तो रस असा दगा देत नाही. तेव्हा शंभर ग्रॅम चिरलेला गूळ चमचाभर पाण्यात वितळवून गाळून घ्यावयाचा, त्यात अर्धी वाटी नारळाचे घट्ट दूध आणि चमचाभर तूप घालून मंद आचेवर उलथण्याच्या पाठीला लेप बसेल इतका आटवावयाचा, आणि खाली उतरवताना पाव चमच्याहून थोडे अधिक मीठ. हे मीठ नुसते चवीपुरते नसते. ते जिभेला स्पष्ट जाणवले पाहिजे; गुळाची जी एकसुरी गोडी घशाशी येते, तिला त्यानेच आवर बसतो आणि गुळाचा खमंगपणा उघडा पडतो.

कोरडा भाग कारळ्याचा. डोंगरउतारावर भाद्रपद-आश्विनात पिवळीधमक फुले येतात ते हे पीक. दाणा काळा, बारीक, तेलकट, आणि भाजल्यावर तिळाहून रानवट असा त्याचा वास. कारळ्याची चटणी आमच्या भागात भाकरीबरोबर पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जाते. डोनटासाठी तिच्यातला लसूण वगळून आम्ही भाजलेले कारळे, भाजलेल्या शेंगदाण्यांचा जाडसर कूट, खरपूस सुके खोबरे, तेलात कडक केलेला कढीलिंब, मीठ आणि लाल तिखटाची चिमूट असे कुटतो. बारीक करीत नाही, दाताखाली आले पाहिजे. लसणाचा प्रयोग करावा असे कुटुंबाचे मत होते व आहे. गरम डोनट, त्यावर कोमट गूळ, आणि त्यावर ही काळी भुकटी. भातखाचरातली पिठी खाली आणि वरकसातले कारळे वर, अशी दफ्तरात कधी एका रकान्यात न आलेली दोन पिके एका बशीत येतात, हे पाहून माझ्यासारख्या माणसाला जो आनंद होतो तो खाणाऱ्याला व्हावा अशी अपेक्षा मी ठेवीत नाही.

खाणाऱ्यांची तऱ्हा निराळी. बहुतेकांचा प्रथमदर्शनी समज असा होतो की ती काळी भुकटी चॉकलेटच्या बिस्किटाची आहे. पहिला घास घेतल्यावर चेहऱ्यावर जो क्षणिक गोंधळ उमटतो तो पाहण्यासाठी मी कढईवरून मान वर करतो. मग कोणी विचारते, हे काय आहे? कारळे म्हटल्यावर पुण्यातल्या वयस्क बायकांना आजोळ आठवते, आणि तरुणांना काहीच आठवत नाही. पण दुसरी बशी बहुधा तरुणच मागतात. लहान मुलांचा विषय वेगळा. त्यांना खारट-तिखट काही नको असते, आणि त्यांची ही मागणी रास्त असल्यामुळे नुसत्या दळलेल्या साखरेत घोळविलेला डोनटही आम्ही देतो, घोळवून लगेच, कारण पाच मिनिटांनी ती साखरही ओली होते. हिंजवडीच्या संगणक कंपन्यांत नोकरी करणारे परप्रांतीय या बाबतीत मला सर्वांत निःपक्षपाती वाटतात: ते कारळे ओळखत नाहीत आणि चॉकलेटची अपेक्षाही धरीत नाहीत, जे पुढे येते ते खाऊन मत देतात. हिंजवडी मुळशी तालुक्यातच आहे हे त्यांतल्या पुष्कळांना येथे येऊन कळते.

धंदा सुरू करण्यापूर्वी अन्नसुरक्षेची नोंदणी करावी लागते. आम्ही अर्ज केला तेव्हा वार्षिक बारा लाख रुपयांच्या आतील उलाढालीला परवान्याऐवजी साधी नोंदणी पुरेशी होती आणि तिची फी वर्षाला शंभर रुपये. आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज तपासलेल्या माणसाने स्वतः अर्जदार होणे हा अनुभव मी सर्व सेवानिवृत्तांना सुचवीन. त्या निमित्ताने नियम वाचले, आणि त्यांतला तेलाविषयीचा नियम मला फार समंजस वाटला: तळणाच्या तेलात वारंवार तापविण्याने जी संयुगे साठतात त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेले की ते तेल मानवी खाण्यास वर्ज्य, असे २०१८ पासून ठरले आहे. आमच्याकडे ते मोजण्याचे यंत्र नाही. पण तेलावर फेस टिकू लागला, रंग गडद झाला, किंवा पुरेसे तापण्याआधीच धूर येऊ लागला, तर कढई रिकामी करण्यात कंजुषी करू नये. कालच्या तेलात कारळ्याचा कण राहिला असेल तर आज सारा घाणा कडवट लागतो, म्हणून रोज संध्याकाळी ते फडक्यातून गाळणे हेही माझ्याच खात्यात मोडते.

दिवाळी जवळ आली की पाऊस सरतो, मोटारी सरतात, आणि पडवीतल्या शेगडीला सक्तीची रजा मिळते. त्या दिवसांत काय करावे यावर गेल्या वर्षीपासून घरात वाटाघाटी चालू आहेत. कुटुंबाचा जुना खटला आता पुन्हा बोर्डावर आला असून, डोनटाचे गिऱ्हाईक अनारसे का घेणार नाही, असा प्रश्न त्यांनी रीतसर मांडला आहे. अनारशाला तांदूळ तीन दिवस भिजवावा लागतो, रोज पाणी बदलावे लागते, पीठ गुळात कालवून चार-सहा दिवस मुरवावे लागते, आणि एवढे करूनही तुपात पडताक्षणी तो हसला, म्हणजे विरघळून पसरला, तर सगळे मुसळ केरात. असला पदार्थ भाच्याच्या फोनवर चालणारा नव्हे, हे माझे म्हणणे मी लेखी स्वरूपात दिले. सूनबाईने मध्यस्थी केली. अनारसे होतील, परंतु पडवीत मांडले जाणार नाहीत. ज्याला हवे असतील त्याने दसऱ्याच्या आत नाव नोंदवावे, निम्मी रक्कम आगाऊ द्यावी आणि धनत्रयोदशीला घेऊन जावे. नोंदवहीवर पहिले नाव भाच्याचे पडले आहे, आणि त्याच्याकडून आगाऊ रक्कम घ्यावी की नाही यावर कुटुंबाचे आणि माझे अद्याप एकमत झालेले नाही.